प्रायॉरिटी डेट मार्च २०१८, मुलगी आठवीत

वारणाकाठ | ९ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी वाळवा तालुक्यातला, सांगलीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालो. ऑक्टोबर २०१३ पासून एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेत ओहायोत आहे. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेत उभा आहे. त्यासाठीचा कंपनीचा अर्ज, आय-१४०, मंजूर, वर्ग ईबी-२ (ईबी-३ त्याच्या खालचा), प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मार्च २०१८. कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये या महिन्यात भारताची ईबी-२ आणि ईबी-३ दोन्ही २०१३ मध्येच आहेत. म्हणजे मी ज्या वर्षी विमानातून उतरलो, त्या वर्षी अर्ज टाकलेल्यांना आत्ता कुठे नंबर मिळतोय. कागदावर अंतर साडेचार वर्षांचं दिसतं. पण ती तारीख कधी सहा-सहा महिने जागची हलत नाही, कधी चक्क मागे जाते.

खरा पेच मुलीचा आहे. तिचा जन्म मिरजेतला, नोव्हेंबर २०११ चा. इथे आली तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आता आठवीत आहे. नोव्हेंबर २०३२ मध्ये एकवीस पूर्ण झाली की आमच्या अर्जातून बाहेर. धाकटा इथलाच, सहा वर्षांचा, जन्माने अमेरिकन. घरात चौघं, त्यातल्या एकालाच इथे राहायचा हक्क, आणि त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. मी गेलो नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प, ज्याशिवाय परत येता येत नाही, तो २०२३ मध्येच संपलाय आणि मुलाखतीशिवाय स्टॅम्पिंगची सोय सप्टेंबरपासून बंद झाली. डिसेंबरात गेलेल्यांचे हाल तर आपण सगळे बघतोच आहोत. सोशल मीडिया तपासणीचा नवा नियम आला आणि कितीतरी जणांच्या ठरलेल्या मुलाखती पुढे ढकलल्या. आमच्या टीममधला एकजण भावाच्या लग्नाला दोन आठवड्यांसाठी नागपूरला गेला होता. नवी नवरी सासरी रुळली, हा अजून तिथेच रात्रपाळी करतोय.

तर कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, की सरळ पुणे? माझं वय ४२. बायको ३७, टेस्टिंगमध्ये आहे, एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. अनुभवाचे बोल हवेत. यूट्यूबवरचे 'कॅनडा सोडण्याची दहा कारणं' छाप व्हिडिओ बघून झालेत.

कोपऱ्यातला_बाक | ९ जानेवारी, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवतो. माझी डेट २०२१ ची आहे. तुमच्याकडे बघून मला 'अरे, याचं तर होतच आलंय' असं वाटलं, यावरून काय ते ओळखा.

नियमबाई | १० जानेवारी, सकाळी ७:१५

मी वकील नाही, पण याच कागदांत पंधरा वर्षं गेली आहेत. शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा.

मुलीच्या वयासाठी २००२ चा सीएसपीए कायदा आहे. तुमचा नंबर लागेल त्या दिवशीच्या तिच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा होतात. तुमची किती दिवस होती? शिवाय 'नंबर लागला' म्हणजे कुठला तक्ता धरायचा, हेही बदलत राहतं. फेब्रुवारी २०२३ पासून पुढे धावणारा, अर्ज टाकायच्या तारखांचा 'डेट्स फॉर फायलिंग'चा तक्ता धरत होते. १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा प्रत्यक्ष कार्ड मिळायच्या तारखांचा 'फायनल अ‍ॅक्शन'चा धरतात. म्हणजे मुलांची गाडी पुन्हा मागच्या रुळावर.

आता एक चांगली गोष्ट, जी फार जणांना माहीत नसते. आय-१४० एकदा मंजूर झाली की ही प्रायॉरिटी डेट तुमची. कंपनी बदला, कंपनीने आय-१४० मागे घेऊ दे, तुम्ही देश सोडा, डेट तशीच राहते. फसवणूक वगैरे निघाली तर गोष्ट वेगळी. पुढे कधी एखाद्या कंपनीने नव्याने अर्ज केला तर हीच मार्च २०१८ वापरता येते. फक्त पर्मपासून, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीपासून, सगळं पुन्हा, आणि नुसत्या पर्मलाच हल्ली वर्षाच्या वर लागतं.

वाईट गोष्टही सांगते. बाहेर पडलात आणि पुन्हा एच-१बीवर यायचं म्हटलंत, तर २१ सप्टेंबर २०२५ पासूनची ती एक लाख डॉलरची फी आडवी येते. देशाबाहेर असलेल्या आणि चालू व्हिसा नसलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जाला ती लागू आहे. इथल्या इथे मुदतवाढ करणाऱ्याला नाही. आधी लोक 'दोन वर्षं भारतात राहून बघू, नाही जमलं तर परत येऊ' म्हणायचे. ते दार आता बंद नाही, पण तिकीट फार महाग झालंय.

वारणाकाठ | १० जानेवारी, सकाळी ७:४०

@नियमबाई, आय-१४० तेरा दिवसांत मंजूर झाली होती. प्रीमियम प्रोसेसिंगचे पैसे भरून. ऑफिसात पेढे वाटले होते मी. म्हणजे मुलीच्या वयातून तेराच दिवस वजा?

नियमबाई | १० जानेवारी, सकाळी ७:५२

तेराच. रेंगाळली असती तर बरं झालं असतं.

पेठेतला_पंतोजी | १० जानेवारी, सकाळी ९:०५

कुणी आवतण दिलं होतं का तिकडे जायचं? डॉलर मोजताना गोड लागलं, आता रडारड. इथे आमच्या वाड्यातली चार पोरं हिंजवडीत नोकरी करून सुखात आहेत. आणि हे 'रांग, रांग' काय आहे? बाकी देशांच्या लोकांना मिळतंच ना कार्ड? तुम्हालाच का नाही मिळत?

नियमबाई | १० जानेवारी, सकाळी ९:३०

पंतोजी, शेवटचा प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर देते. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० ठरली. त्यात नवरा-बायको-पोरंही मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष कामगार निम्म्याहून कमी. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्के. आइसलँडलाही ७, भारतालाही ७. इतर देशांचे उरले तर थोडे जास्त मिळतात. पण एच-१बी देताना देशाची मर्यादा नाही. नळ मोठा आणि मोरी लहान, पाणी तुंबणारच. केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेचे डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये गणित मांडलं होतं, की नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं लागतील.

हे बदलायचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधी सभेत ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुदे एकत्र काही आले नाहीत. आम्ही तेव्हा रात्र-रात्र जागून सिनेटचं कामकाज बघायचो, क्रिकेटसारखं.

हळदीचा_पेला | १० जानेवारी, सकाळी १०:१०

अवांतर: हे सगळं जन्मदेशावर चालतं, नागरिकत्वावर नाही, आणि जोडीदाराचा जन्मदेश धरता येतो. माझ्या मित्राची बायको मस्कतला जन्मलेली, वडील तिथे नोकरीला होते म्हणून. अडीच वर्षांत कार्ड हातात. आपल्याकडे पत्रिका जुळवताना जन्मवेळ बघतात, नाडी बघतात, जन्मदेश कुणी बघत नाही.

एच४_ची_गोष्ट | १० जानेवारी, दुपारी १२:२०

पंतोजी, डॉलर मोजत होतो म्हणता. मी एमटेक आहे. इथे आल्यावर सहा वर्षं घरी बसले, कारण एच-४ वर कामाची परवानगीच नव्हती. मे २०१५ मध्ये ईएडी आलं तेव्हा माझ्या रेझ्युमेत सहा वर्षांचं भोक होतं. मुलाखतीत विचारायचे, या काळात काय केलंत? काय सांगणार, पोळ्या केल्या?

वारणाकाठ, तुमच्या बायकोच्या ईएडीकडे नीट लक्ष द्या. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुन्यावर ५४० दिवस आपोआप काम करता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती सवलत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही की त्या दिवसापासून काम बंद. माझ्या मैत्रिणीचं डिसेंबरात हेच झालं. आठ जणांची टीम सांभाळणारी बाई. शुक्रवारी लॅपटॉप परत करून आली.

आणि एक विचारू? तुमच्या अख्ख्या धाग्यात तुमचं वय, तुमची डेट, मुलीचं वय, वडिलांचं आजारपण आहे. बायकोला काय हवंय ते कुठेच नाही.

वारणाकाठ | १० जानेवारी, दुपारी १२:४५

बरोबर पकडलंत. तिला पुणे नकोय. 'सासरच्या अंगणात परत जायला बारा वर्षं घासली नाही' असं म्हणाली. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं.

मिसिसागाकर | १० जानेवारी, संध्याकाळी ६:३०

न्यू जर्सीत नऊ वर्षं काढून २०१९ मध्ये इकडे आलो. गोड बोलणार नाही.

आम्ही आलो तेव्हा कॅनडा सोपा होता, आता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ साठीचं पीआरचं, म्हणजे नव्या कायम रहिवाशांचं, उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. जुलै २०२३ मध्ये खास अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी १०,००० खुले वर्क परमिट काढले होते, ते दोन दिवसांच्या आत संपले. तेव्हा तुम्ही काय करत होतात? बहुतेक बुलेटिन बघत होतात. मीही तेच केलं असतं.

आता तुमचं गणित. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे इथल्या गुणांवर चालणाऱ्या निवडीत, वयाचे गुण तिशीपासून घसरतात. जोडीदारासह अर्ज केला तर २९ पर्यंत १००, ३७ ला ६०, ४२ ला २५, आणि ४५ झाली की भोपळा. म्हणून मुख्य अर्जदार तुम्ही नाही, वहिनी. तिथेच ३५ गुण वाढतात. पण नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ पासून काढून टाकलेत, आणि सर्वसाधारण फेऱ्यांत ५०० च्या वर गुण लागतात. वहिनींचे तेवढे होणार नाहीत.

पळवाट एकच, फ्रेंच. फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यातला कटऑफ कधी कधी ४०० च्याही खाली असतो. चारही कौशल्यांत सातवी पातळी हवी. खोटं वाटेल, पण आमच्या इमारतीत एक लातूरचं जोडपं आहे. दोघं दीड वर्ष रोज पहाटे पाचला उठून फ्रेंच शिकले. आता भाजीवाल्याशीसुद्धा 'बाँझूर' करतात. इथला भाजीवाला पंजाबी आहे, ते सोडा.

आल्यावर काय? माझा पगार साधारण चाळीस टक्क्यांनी कमी झाला. फॅमिली डॉक्टर मिळायला चौदा महिने लागले. डिसेंबरात पाच वाजता अंधारून येतं आणि बायको गप्प गप्प होते. पण पीआर हातात घेऊन आलो. तीन वर्षं, म्हणजे पाच वर्षांत १०९५ दिवस भरले की नागरिकत्वाचा अर्ज. माझी नोकरी २०२३ मध्ये गेली तेव्हा पाच महिने घरी होतो. त्या पाच महिन्यांत एकदाही दिवस मोजले नाहीत. न्यू जर्सीत गेली असती तर साठ दिवसांत घर, गाडी, शाळा सगळं आवरावं लागलं असतं.

कोपऱ्यातला_बाक | १० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

ते साठ दिवस. गेल्या वर्षी मी एकेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळवली. एकेचाळीस दिवस फ्रिजवर कागद लावून रेघा मारत होतो. अजून तो कागद काढलेला नाही.

मेलबर्नची_माई | ११ जानेवारी, पहाटे ४:१०

ऑस्ट्रेलियाचं दोन वाक्यांत. ४५ च्या आत निमंत्रण आलं पाहिजे, ४० ते ४४ ला वयाचे १५ च गुण. आयटीवाल्यांचं कौशल्य एसीएस ही संस्था तपासते आणि अनुभवातली सुरुवातीची वर्षं कापते. कागदावर किमान ६५ गुण, पण तेवढ्यावर आयटीत १८९ क्रमांकाच्या व्हिसाची आशा धरू नका. राज्याचं नामांकन घेऊन १९० किंवा आडगावात राहायची तयारी असेल तर ४९१ बघा. झाली की चार वाक्यं.

श्टुटगार्टची_सून | ११ जानेवारी, दुपारी २:००

जर्मनीबद्दल हल्ली इतकं गुलाबी लिहिलं जातं की मला भीतीच वाटते. म्हणून जरा लांब लिहिते.

कागदाच्या बाजूने जर्मनी खरंच सरळ आहे. नोकरीचं पत्र आणि ठरावीक पगार असला की ब्लू कार्ड, म्हणजे कुशल नोकरदाराचा परवाना. बी-१ पातळीची जर्मन आली तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, नुसती प्राथमिक ए-१ असेल तर २७ महिन्यांत. वय ४२ आहे म्हणून ब्लू कार्ड अडत नाही, तुमचा जन्मदेश कोणी विचारत नाही, लॉटरी नाही. जून २०२४ पासून नागरिकत्व पाच वर्षांत. तीन वर्षांचा जलद मार्ग होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकला. त्यांचा कायदा आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, आपला नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट द्यावाच लागतो. वहिनींना पहिल्या दिवसापासून कुठेही काम करता येईल. हे फार मोठं आहे, एच-४ वाल्या बाईंनी वर लिहिलंय ते वाचून तर जास्तच जाणवलं.

आणि आता मुलगी. चौदा वर्षांची, इंग्रजीत विचार करणारी. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, चौथीनंतरच मुलांची वाट ठरायला लागते, गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) की रेआलशूल (मधल्या पातळीची). बाहेरून आलेल्या मुलाला आधी तयारी वर्गात बसवतात, तिथे वर्ष-दीड वर्ष जर्मन. मग मूळ वर्गात. माझी भाची बारा वर्षांची असताना आली. गणितात पहिली येणारी पोरगी, पहिले आठ महिने वर्गात तोंड उघडलं नाही. आता ठीक आहे. पण ती बारा वर्षांची होती, आणि तिच्या पाठीशी मी होते. चौदाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय शाळा परवडणार असेल तरच या. ती फी ऐकून ओहायो बरं वाटेल.

धाकट्यासाठी मात्र सोन्यासारखा देश. सहा महिन्यांत तो तुमचं जर्मन सुधारेल.

अजून एक. पगारातून कर आणि विमा जाऊन हातात येतात ते बघून पहिल्या महिन्यात माझ्या नवऱ्याने एचआरला फोन केला होता, काही चूक झालीय का म्हणून. चूक नव्हती.

(महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून गावाकडून रोज फोन. नर्सिंगवाल्यांनो, बी-२ शिवाय मान्यता मिळत नाही. ए-१ वर कोणी विमानात बसवतो म्हणाला तर पळा.)

मिरजेची_पोर | ११ जानेवारी, दुपारी ३:२५

शेवटच्या कंसातल्या ओळीबद्दल तुमचे आभार. मी नर्स आहे, बी-१ झालंय, बी-२ ची परीक्षा मार्चमध्ये. एजंट म्हणतो तिकडे जाऊन शिका. नाही जाणार.

ऑक्टोबर_२०२० | ११ जानेवारी, रात्री ८:४५

मी उलटं बोलतो. थांबा.

माझी डेट नोव्हेंबर २०१४ ची, ईबी-२. ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिनमध्ये ईबी-३ ची फायलिंग तारीख उडी मारून १ जानेवारी २०१५ वर आली. करोनामुळे कुटुंबांच्या कोट्यातली कार्डं उरली होती, ती नोकरीवाल्यांकडे वळली. त्या वर्षी दीडपटीहून जास्त, सुमारे २ लाख ६२ हजार आकडा होता. आम्ही ईबी-२ वरून खाली ईबी-३ मध्ये उतरलो. लोक स्वतःहून खालचा वर्ग मागत होते! दिवाळीच्या आधी धावतपळत वैद्यकीय तपासणी, फोटो, जन्मदाखल्यांची प्रतिज्ञापत्रं. अर्ज गेला, ईएडी आलं, बायको नोकरीला लागली. कार्ड अजून नाही, पण घुसमट संपली.

माझ्या बाजूच्या टेबलावरच्या मित्राची डेट होती जानेवारी २०१५ चा दुसरा आठवडा. तो कंटाळून २०२२ मध्ये हैदराबादला गेला. असं पुन्हा कधी होईल कोण सांगणार. झालं तर रांगेत असलेल्यालाच फायदा. तुमची एच-१बी वाढत राहतेय, नोकरी आहे. कशाला हलता?

परतलेला_पाहुणा | ११ जानेवारी, रात्री १०:३०

@ऑक्टोबर_२०२०, तुमचं अभिनंदन, मनापासून. पण हे म्हणजे लॉटरी लागलेल्याने 'तिकीट काढत राहा' सांगण्यासारखं झालं. २०२० सारखं पुन्हा व्हायला पुन्हा साथ यावी लागेल, आणि या माणसाची डेट २०१८ ची आहे.

मी टेक्सासमधून जून २०२२ मध्ये पुण्याला आलो, बालेवाडीत राहतो. मुलीची तेव्हा सातवी नुकतीच झाली होती. कॅनडा-जर्मनीचं वर झालंय, मी फक्त पुण्याचं सांगतो.

पैशाचं आधी. बारा वर्षं बाहेर राहिलेल्याला परतल्यावर दोन, कधी तीन आर्थिक वर्षं आरएनओआर, म्हणजे 'रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही' असा, दर्जा मिळतो. तोवर परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नाही. म्हणून कुठल्या महिन्यात परततो ते सीएला विचारून ठरवा, विमानाच्या सेलवरून नाही. ४०१के, म्हणजे तिकडचं निवृत्तीचं खातं, लगेच मोडू नका, साडेएकोणसाठच्या आधी दहा टक्के दंड आहे. इथल्या आयकर कायद्याखाली त्या खात्यावरचा कर पैसे काढेपर्यंत लांबवता येतो. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचे, ४० क्रेडिट, म्हणजे दहा वर्षांचं काम, तुमचं झालेलं दिसतंय. भारत-अमेरिका यांच्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र धरायचा करार नाही, त्यामुळे नऊ वर्षांवर परतणाऱ्याचे भरलेले पैसे पाण्यात. तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे आहात.

पगार: एका परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात, म्हणजे ज्याला जीसीसी म्हणतात तिथे, मला अमेरिकेतल्या पगाराच्या साधारण एकतृतीयांश मिळतात. घर स्वतःचं असेल तर उत्तम चालतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. बाणेर रोडवर संध्याकाळी सात वाजता मी काय काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

आता मुलीचं, कारण तुमची खरी तारीख मार्च २०१८ नाही, या वर्षीचा जून आहे. इथे राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. म्हणजे नववीत तिने इथे बसायला हवं. दहावीला थेट आणलं तर अभ्यासक्रमाने ती कोलमडेल. बारावीनंतर आणलं तर कोटा गेला. आणि तिकडेच राहिली तर कॉलेजात सरकारी मदत नाही, एकवीसनंतर एफ-१, म्हणजे ज्या गावात लहानाची मोठी झाली तिथेच परदेशी विद्यार्थिनी. माझ्या मुलीने पहिलं वर्षभर माझ्याशी नीट संवाद केला नाही. मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचं आहे, २०२० च्या कायद्याने. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. तिच्या आजीने रोज संध्याकाळी तिच्याकडून पेपरातलं राशिभविष्य मोठ्याने वाचून घेतलं. 'धनलाभ संभवतो' हे तिचं पहिलं अस्खलित मराठी वाक्य.

आता ती अकरावीत आहे. खूश आहे का? काही दिवस आहे, काही दिवस नाही. तिच्या मैत्रिणींचं प्रॉम, म्हणजे शाळेचा नाचाचा समारंभ, तिने व्हिडिओवर बघितलं त्या रात्री मी गच्चीवर जाऊन बसलो होतो.

वाचनवेडी | ११ जानेवारी, रात्री ११:०२

वाचतेय. धागा उत्तम चाललाय, कृपया भांडणं लावून त्याचा काश्मीर करू नका.

हळदीचा_पेला | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

ईबी-५, म्हणजे गुंतवणूकदारांचा वर्ग, कुणी म्हणालं नाही अजून. ग्रामीण भागात आठ लाख डॉलर गुंतवा, वेगळा कोटा.

कोपऱ्यातला_बाक | १२ जानेवारी, सकाळी ८:१९

आठ लाख डॉलर असते तर मी या धाग्यावर असतो का? मी ईबी-१ए चं, म्हणजे असामान्य कर्तृत्ववाल्यांच्या वर्गाचं, बघत होतो, स्वतःच स्वतःसाठी टाकता येतं. त्यासाठी लागणारे 'पुरस्कार' विकणारे लोक लिंक्डइनवर रोज गाठतात. परवा एकाने तीनशे डॉलरमध्ये मला हॅकेथॉनचा परीक्षक करायची तयारी दाखवली. आणि त्या रांगेतही भारत २०२२-२३ च्या आसपास अडकलाय.

पेठेतला_पंतोजी | १२ जानेवारी, सकाळी ९:००

सकाळी परवाचं सगळं पुन्हा वाचलं. एच-४ वाल्या ताईंना, बोलणं जास्त झालं. आमच्या मुलीचंही तिकडे असंच चालू आहे, ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

बाकी राशिभविष्याची युक्ती बरी आहे.

वारणाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:१५

आठवडाभर गप्प होतो, माफ करा. घरात बैठका चालू होत्या.

मुलीला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. बुलेटिनचा तक्ता दाखवला. तिला वाटत होतं आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे. तिने दोन मिनिटं तक्ता बघितला आणि विचारलं, "बाबा, म्हणजे चिंटू २१ चा झाला की तोच तुम्हाला स्पॉन्सर करणार ना? ते कधी?" मी म्हटलं २०४० मध्ये. ती म्हणाली, "ते आधी येईल का हे?" खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. आणि धाकटा आम्हाला करू शकेल, पण तिच्यासाठी मात्र भावंडांची वेगळीच लांबलचक रांग आहे, हे त्या वेळी तिला सांगायचं टाळलं.

जर्मनी कटाप, श्टुटगार्टच्या ताईंमुळे. ऑस्ट्रेलियाचं गुणांचं गणित मांडलं, नाही जमत. बायकोने फ्रेंचचा ऑनलाइन क्लास लावलाय. तिचं म्हणणं, मी मुख्य अर्जदार होणार असेन तर निर्णयही मुख्य माझाच. दीड वर्षात सातवी पातळी गाठायची. तोवर तिच्या ईएडीचं नूतनीकरण मुदतीच्या सहा महिने आधी टाकायचं, तेही कालच कॅलेंडरवर लावलं.

पण मुलगी म्हणाली की ती नववी पुण्यात करून बघायला तयार आहे, एका अटीवर. आधी शाळा बघायची. आणि इथेच गाडं अडलंय. तिच्याबरोबर मी गेलो तर परतीच्या स्टॅम्पचा भरवसा नाही. बायकोचंही तेच. मुलीलाही एच-४ चा स्टॅम्प लागणारच. म्हणजे शाळा बघायला गेलो तर तो निर्णयच झाला. मेहुणीला सांगितलंय, ती बाणेर-औंधच्या तीन शाळांत जाऊन व्हिडिओ करणार आहे.

@परतलेला_पाहुणा, जूनमध्ये नववीला प्रवेश हवा असेल तर फेब्रुवारीत अर्ज चालतो का?

परतलेला_पाहुणा | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

सीबीएसई असेल तर वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा आजच फोन करा. तिकडची सातवी-आठवीची गुणपत्रकं आणि बदलीचा दाखला लागेल. अमेरिकन शाळा 'बदलीचा दाखला' म्हणजे काय ते विचारतील. त्यांच्या लेटरहेडवर तुम्ही मजकूर लिहून द्या, मुख्याध्यापक सही करतात. नववीची नोंदणी बोर्डाकडे होते, त्यामुळे उशीर चालत नाही. धाकट्याचं ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, अजून काढलं नसेल तर तेही आत्ताच.

वारणाकाठ | १९ जानेवारी, सकाळी ९:५५

ओसीआय आहे. फोन करतो. समजा गेलोच, तर सामानात काय न्यावं? बायको मिक्सर आणि इन्स्टंट पॉट सोडायला तयार नाही.

मेलबर्नची_माई | १९ जानेवारी, सकाळी १०:३०

म्हणजे फ्रेंच शिकणारी बायको पुण्याच्या सामानाची यादी करतेय?

परतलेला_पाहुणा | १९ जानेवारी, सकाळी १०:४१

तिकडचं ११० व्होल्टचं काही आणू नका. मी हौसेने आणलेला मिक्सर पहिल्या दिवशी थेट २३० वर लावला. शेंगदाण्याचा कूट होता. धूर निघाला तो वेगळाच. कन्व्हर्टर घ्याल तर तो मिक्सरपेक्षा जड असतो. गाद्या आणा. इथे तशा मिळत नाहीत.

पेठेतला_पंतोजी | १९ जानेवारी, सकाळी ११:००

गाद्या मिळतात. कोण म्हणतं मिळत नाहीत?